विश्वाची झाडलोट

३ मार्च
आलो एकदाचे. वेधशाळेच्या आवारातच घर मिळालं, भिंतींना अजून ताज्या रंगाचा वास आहे. बायको खिडक्या मोजून खूश. इथली दुर्बीण म्हणजे मैदानाएवढी थाळी; दूरच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराकडून येणाऱ्या रेडिओलहरी ती टिपते. पण त्यांत मोबाईल, मोटारी, कुणाचा तरी मिक्सर अशी खरखरही शिरते. ती हुडकून पुसायची, हे माझं काम. थोडक्यात, विश्वाची झाडलोट. चित्र स्वच्छ निघालं की नोकरी कायम, असं इथले प्रमुख, सर, म्हणाले. गोड माणूस आहे.

९ मार्च
एक चिवट खरखर सापडली. धप्‌-धप्‌, संथ. फोन नव्हे, मोटार नव्हे. डोकं खाजवत बसण्यापेक्षा पुसून टाकली. कृष्णविवराची कड लगेच उजळली. सर म्हणाले, इतका सफाईदार हात बऱ्याच वर्षांनी मिळाला. घरी निघालो तर फाटकावर गर्दी. पहारेकरी खुर्चीतच गेला होता, बसल्या बसल्या. सकाळीच माझ्या टकलाची चेष्टा करत होता. फार वाईट वाटलं.

१४ मार्च
तशीच दुसरी पुसली. दुपारी ग्रंथपालबाई कपाटाशी कोसळल्या, त्या गेल्याच. धावत सरांकडे गेलो. ते दचकलेसुद्धा नाहीत. थाळीला आवारात राहणाऱ्यांची काळजंही ऐकू येतात, म्हणाले; स्वतः ते गावात राहतात. तुझ्या आधीचाही असाच हळवा होता. चहा मागवला. मी प्यायलो आणि जागेवर येऊन बसलो. चित्रावर आता तसल्या खरखरीचे दोनच डाग उरलेत.

१५ मार्च
एक माझा. नाडीशी जुळवून पाहिला.
दुसऱ्यात मधूनच एक ठोका चुकतो, मग दोन घाईचे. लग्नापासून त्या छातीवर कान ठेवून झोपतोय. मला दुसरं कुणी सांगायला नको.
नाही पुसणार.

१६ मार्च
सरांचे पाय धरले. माझा पुसा, तिचा राहू द्या — लगेच कबूल झाले. एक डाग चालेल म्हणाले. जेवण झालं की स्वतः बसतो. तू घरी जा.
तिला काही सांगितलं नाही. ती आत भांडी लावतेय, गुणगुणतेय. ती राहील.
सरांचं जेवण झालं असेल एव्हाना.
मला काहीच होत नाही. छाती नीट — अजून नीट —
आत भांडं पडलं. ती गुणगुणत नाहीये.