फोटो काढणारी

५ मे, रविवार
आले एकदाची सासरी! दोन पेट्या, फोटो लगेच छापून देणारा एक कॅमेरा, एक स्टँड आणि एक नवरा, एवढं सामान. घर मोठं आहे, उजेडाचं आहे. स्वयंपाकघराची खिडकी तर अशी की तिच्यापाशी कोणीही उभं राहावं आणि फोटो चांगलाच यावा. पासपोर्ट फोटोच्या दुकानात सहा वर्षं घासल्यावर मला आधी उजेड दिसतो, मग माणसं. माणसंही बरी आहेत म्हणा. सासरे बोलतच नाहीत, सासूबाई त्यांच्या वाटचंही बोलतात. थोरले दीर चाळिशीचे, लग्न न झालेले, जेवताना पेपर वाचतात.

दर रविवारी मागच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो काढायचा आणि आधीचा उतरवून तो जेवणाच्या टेबलापाशी लावायचा, ही इथली रीत. सासूबाई म्हणाल्या, तू काढ, तुझा हात बसलाय. मी हौसेने काढला.

अठराव्या वर्षापासून दर आठवड्याला मी स्वतःचाही एक फोटो काढते. टायमर लावायचा आणि धावत जाऊन उभं राहायचं. वसतिगृह, भाड्याच्या खोल्या, मावशीचा माळा, सगळं एका बुटाच्या खोक्यात आहे. आईबाप नसलेल्या मुलीची गोष्ट कोण सांगणार? तिची तीच. आज खिडकीपाशी काढला आणि मागे लिहिलं, माझं घर.

१२ मे, रविवार
आजही फोटो मीच काढला. मी म्हटलं, टायमर लावते, मीही येते. सासूबाई म्हणाल्या, त्या यंत्राचा काय भरवसा, कोणाचे तरी डोळे मिटतात.

चहाला कप चारच. सासूबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघून कप मांडतात, हे आज लक्षात आलं. मी हसत म्हटलं, पाचवी मी. त्यावर, अगं बाई, विसरलेच की!

१६ मे, गुरुवार
परत चार ताटं. रोज चार! आज मी माझं ताट स्वतः आणून टेबलावर आदळलं. कोणी मान वर केली नाही. नवरा नंतर म्हणतो, किती मनाला लावून घेतेस. सकाळी हाच पलंगाच्या मधोमध पसरलेला असतो आणि मी कडेला लटकलेली.

१९ मे, रविवार
मीच काढला. तळपायाची आग मस्तकात गेलीय. माझा खिडकीतला फोटो मुद्दाम त्यांच्या फोटोशेजारी लावला. सासऱ्यांनी दोन आठवड्यांतलं पहिलं वाक्य उच्चारलं: खिडकी छान आलीय.

खिडकी! मी बत्तीशी दाखवत उभी आहे, आणि यांना खिडकी दिसते! नवऱ्याला ओढत आणलं. त्याने विचारलं, यात एखादं माणूस का नाही घेतलंस?

२२ मे, बुधवार
घरात कोणी नव्हतं. दाराला आतून कडी. तरी आजच्या फोटोत माझ्या खांद्यामागे एक बाई आहे. माझ्याच वयाची, गळ्यात कॅमेरा, आणि डोळ्यांत असा संताप की मी फोटो पालथा घातला.

मग कपाटातले सगळे अल्बम उपसले. अकरा वर्षांचे रविवार, पायऱ्यांवर हे चौघे. कोणी काढले? एका अल्बमात भाऊजी नवरदेवाच्या कपड्यांत, शेजारची जागा मोकळी. त्यांना जाऊन विचारलं. म्हणाले, माझं कुठे लग्न झालंय? खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

म्हणजे ती माझी जाऊ.

२६ मे, रविवार
आज कॅमेऱ्याला हात लावला नाही. ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, दार लावून घेतलं. म्हणाल्या, आधीचीही अशीच ओरडायची. काय बरं नाव तिचं... मीही दोन वर्षं फोटो काढले होते, मग माझी धाकटी जाऊ आली, तिच्या हातात दिला कॅमेरा. कोणीतरी समोर उभं राहायलाच हवं ना. पुढच्या रविवारी थोरल्याची ठरलेली मुलगी येतेय. कॅमेरा तिच्या हातात दे. मग ये आमच्यात.

इतक्या साधेपणाने! जणू मीठ दे म्हणतायत.

२९ मे, बुधवार
नवऱ्याने दार उघडलं आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला?
मला, स्वतःच्या बायकोला, अहोजाहो!
मी खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. तो गाल चोळत खिडकीकडे बघत राहिला, वारा लागल्यासारखा.

दुकानात गेले. मालकांनीही ओळख दाखवली नाही. सहा वर्षं!

१ जून, शनिवार
आता मी रोज फोटो काढते, आणि जाऊ रोज त्यात असते. आज खांद्याला खांदा. जगात मला ओळखणारं एवढं एकच माणूस— तिला मोठ्याने सांगितलं, त्या मुलीला मी तिथे ढकलणार नाही. मेले तरी नाही. आपण दोघी यांना—

फोटोत तिने माझा हात घट्ट धरलाय.

२ जून, रविवार
मुलगी आली. बडबडी, हसरी. सरळ माझ्याकडे बघून ताई म्हणाली. महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी—
पायऱ्यांवर तिने विचारलं, मी कुठे उभी राहू?
सगळे वळले. माझ्याकडे. सगळे! नवऱ्याने बाजूला सरकून जागा केली, नावाने हाक मारली. माझ्या नावाने—
माझा हात कोणीतरी मागे ओढत होतं. झटकला.
पट्टा तिच्या गळ्यात घातला. बटण दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं, मला फोटो काढायला आवडतं—

संध्याकाळ
पाच ताटं. नवरा जवळ बसला. इतका राग कसला होता मला, देव जाणे. नवा फोटो लावलाय. मी मधोमध. छान आलोय सगळे, एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. कोणी काढला बरं? घरात तर आम्ही पाचच, आणि पाचही फोटोत, मग समोर कोण—