तोंड पाहिल्याची घोडी

मी, बुरुलकान असानालियेवा, जुमाबेकची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार कोचकोर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी धाक घातलेला नाही. डोळ्यांचे काय, हे कायदा विचारत नाही, हे माझे नशीब. मी सांगते आहे, नोटरीसाहेब लिहीत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला उसंत मिळेलसे वाटत नाही.

कलम १. घर, चूल आणि मागची बाग धाकट्या उलानला. तशी रीतच आहे, त्यात माझा मोठेपणा नाही.

कलम २. जुमाबेकचे चांदीमढे खोगीर थोरल्या सबिरबेकला, पण सिगारेट सोडल्यावर. हा डोळ्यांचा आजार घराण्यात उतरतो आणि धुराने बळावतो, असे डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर सांगितले. तो बाहेर गेला, सिगारेट ओढून आला आणि मला म्हणाला, "आई, म्हातारपणी डोळे जायचेच. सुया टोचून काय तरुण होणार आहेस?" पन्नाशी उलटली की त्याने दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. म्हातारपण त्यालाही येणार आहे.

कलम ३. भिंगाचा दिवा मशिदीतल्या मुल्लांना. त्यांना चष्मा लागत नाही, फक्त पुस्तक हातभर लांब धरावे लागते.

कलम ४. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे चौकटींचे मेणकापड कोणी काढू नये. रोज सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघावे, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. मेंढ्या कातरून झाल्यावर नव्हे.

कलम ५. करडी घोडी, शिंगरासह, धाकटी सून नुरझात हिला. उलानला नव्हे, नुरझातला. इथे सबिरबेक उठून उभा राहील, कारण घोडी आपलीच असे तो गावभर सांगत आला आहे. त्याने खाली बसावे आणि कारण ऐकावे. नोटरीसाहेब म्हणतात, कारण कलमात बसत नाही. बसवा म्हटले.

उलानच्या लग्नात बायकांनी नुरझातच्या तोंडावरची पांढरी ओढणी वर केली आणि तोंड पाहिल्याचे कोरुमदुक, म्हणजे भेट, द्यायला मला पुढे ढकलले. मला दिसली ती ओढणीची झालर, आणि तिच्या आत, चेहरा हवा तिथे, धुरकट डाग. सगळे थांबले होते. मी "चंद्र आहे गं, चंद्र!" म्हणाले आणि माझ्या आईची कर्णफुले तिच्या हातावर ठेवली. दिसले काहीच नाही, दिले मात्र भरपूर.

पुढे घरात तिच्याकडे सरळ पाहिले की ती नाहीशी व्हायची. तिच्या कानाकडे पाहिले की गालाचा थोडा भाग दिसायचा. म्हणून मी कानाकडे बघायचे. माझी नणंद सैरा हिने निदान केले, "सून हिच्या मनात भरली नाही. बघा ना, कशी तिरकी बघते!" सबंध कोचकोरला ते पटले. पोरगी चुलीपुढे बसून रडायची, आणि मला वाटायचे, सरपण ओले आहे.

एकदा चहा घेताना मी तिला म्हणाले, "उलानला सांग, खिडकीचे गज वाकलेत, नीट कर म्हणावं."

तिने गजांवरून हात फिरवला आणि सासूला हाक मारतात तसे म्हणाली, "एने, गज सरळ आहेत." मग तिने माझा एक डोळा तळव्याने झाकला. मग दुसरा. "एने, मी दिसते का तुम्हाला?"

"कान दिसतो," मी म्हणाले.

ती रडता रडता हसायला लागली. "म्हणजे तुम्ही माझा राग राग करत नाही?"

दुसऱ्याच दिवशी तिने मला बिश्केकला नेले. पडद्याच्या मधोमध झीज झाली होती. उजव्याला उशीर झाला होता. डाव्यात आत पाझर होता, त्यावर डोळ्यातच इंजेक्शन. नुरझात दर महिन्याला मला घाट ओलांडून नेत राहिली. एका सकाळी ती कणीक मळत होती आणि डाव्या डोळ्याला तिचे तोंड दिसले. एक भुवई वर, एक खाली. पुढचा दात वाकडा. मी गजांकडे पाहिले, ते सरळ होते, म्हणजे दातच वाकडा. चंद्र वगैरे काही नाही. मला ती फार आवडली.

कर्णफुले न पाहताच दिली होती. खरे पाहिले त्याचे कोरुमदुक म्हणून ही घोडी.

अलीकडे डाव्यातही डाग परतला आहे. इंजेक्शने चालू आहेत. मधले गेले तरी कडेचे राहील, पुरता काळोख होणार नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. नुरझात आता आपणहून जराशी बाजूला सरकून बसते, म्हणजे मला दिसते.

कलम ६. कफन बांधण्याआधी घरच्या बायका माझे शेवटचे तोंड पाहतील. त्याचे कोरुमदुक कोणी देत नाही, माझी अपेक्षाही नाही. फक्त नुरझातने तेव्हा सवयीने बाजूला बसू नये. समोर बसावे.

सही: बुरुलकान असानालियेवा (ओळीच्या खाली गेली असल्यास ओळ वर सरकली असे समजावे)

साक्षीदार:
१. सैरा, नणंद. शेवटपर्यंत ऐकणे भाग पडावे म्हणून मुद्दाम बोलावली. सही केली.
२. तुर्दुबेक, शेजारी, निवृत्त शाळामास्तर.

कोचकोर, ९ ऑक्टोबर २०१९