चिंगीची टाच

मंगळवार, संध्याकाळ. केडगाव, ताईकडं.

आज भाचीच्या टाचेला पाय लावला. जन्मताना माझे पाय आधी आले म्हणून माझ्या पायानं दुखणं जातं म्हणे. शाळेत पळापळ करून घरी आली की चिंगी टाच धरून रडते. म्हटलं, "ताई, वाढत्या पोरांचं होतं असं, डॉक्टरला दाखव." तर म्हणते, "घरात पायाळू मामा असताना? गावभर हिंडतोस, एवढं तर कर!"

केलं. चिंगी हसली, "गेलं!" ताई खूश. "मग उद्या पळायला जा."

आत्ता चिंगी चवड्यांवर चालत नळावर गेली. टाच टेकतच न्हाई. ताईला सांगितलं तर पोरगी खोटी पडते, गप्प बसलो तर उद्या पळते. काय करू?

आता हळूच आलीय. "मामा, अजून एकदा लाव ना. जोरात."