शेजारणीची टोपली

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाविनीच्या हॉटेलचे फोनवरचे तारे परत वाढले! जवळजवळ पाच. आमच्या खानावळीचे चार. बघायचं नाही असं रोज ठरवते आणि भात उतरवतानाही एक डोळा फोनवरच असतो.

तिच्या बोर्डावर कायम 'ताजं पापलेट'. आमच्या फळ्यावर आज मी लिहिलं — 'पापलेट बर्फातलं'. कारण ते बर्फातलंच होतं. एक जोडपं फळा वाचून तसंच पुढे गेलं. कुठे गेलं ते मला माहीत आहे. पुढच्या वळणावर तिचंच हॉटेल आहे.

आणि हे सगळं ती शिकली कुणाकडून? माझ्याच आईकडून! तिची आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की आमच्या चुलीपाशी येऊन बसायची. आईने मला अक्षरांच्या आधी मासा ओळखायला शिकवलं — कल्ला उघड, डोळा बघ, पोट दाबून बघ. मी विचार करत बसायचे. भाविनी पटकन सांगून मोकळी व्हायची. "शाब्बास गं पोरी!" — आई तिला म्हणायची.

मला कधी म्हणाली होती? आठवत नाही. उगाच लिहिलं हे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भारतीताई येऊन गेल्या. त्यांच्या चिकूच्या वाडीत मुंबईचे पाहुणे उतरतात, आणि रविवारी जेवायला आमच्याकडे येतात. त्या रविवारवरच आमचे बाकीचे वार निघतात.

"निलम, पाहुणे आता मला कुठे विचारतात? फोनला विचारतात. नाताळचं सगळ्या खोल्यांचं बुकिंग झालं. जेवायला कुणाकडे पाठवायचं ते महिनाअखेर ठरवीन. वाईट वाटून घेऊ नको हं."

"दुसरं कुणाकडे?" मी विचारलं. जसं काही मला माहीतच नव्हतं.

"भाविनी म्हणत होती, तिची जागा मोठी आहे."

वाईट वाटून घेतलं. पोटभर घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एकदम तीन रिव्ह्यू. तिघांचा एकेक तारा! 'चिकन हंडी थंड होती.' 'रोटी कच्ची.' तिसरा हिंदीत — गाडी लावायला जागा नाही, मालक बोलतो उर्मट.

चिकन हंडी? आमच्याकडे चिकन शिजतच नाही. रोटी नाही, तांदळाची भाकरी आहे. आणि मालक कोण? बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

चार तारे होते, ते खाली आले. हे कुणी केलं ते सांगायला ज्योतिषी नको. भाविनीच्या नवऱ्याचं, जिग्नेशचं, मोबाईलचं दुकान आहे. फोन काय, सिमकार्डं काय, हवी तेवढी!

पुरावा नाही, हे मला कळतं. तरी लिहिते. इथे तरी लिहू दे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सोमवारी खानावळ बंद. माझा भाऊ उमेश तलासरीहून आला, कंपनीत सुट्टी होती. रिव्ह्यू वाचून हसलाच.

"ताई, रडतेस काय? आपण पण टाकू. माझ्या लाइनवरची सगळी पोरं पाच-पाच तारे देतील. एकेका वडापावात काम होईल."

"त्यांनी कुठे जेवलंय आपल्याकडे?"

"भाविनीकडे तरी सगळे जेवलेत का? तू अशीच सत्यवान राहा. भारतीताई पाहुणे घेऊन जातील तिकडे."

नाही म्हटलं त्याला. मग दिवसभर वाटत राहिलं, एकदाच टाकले असते तर?

शेवटी आईला म्हटलं, "तू तरी लिही ना आपल्याबद्दल. तुझ्या फोनवरून. तू तर रोज जेवतेस इथे."

आई चपला घालत होती. म्हणाली, "मी? आपल्या टोपलीला आपण चांगलं म्हणायचं? बाजारात हसतील की."

ही तिची जुनी रीत. ती बाजारात मासळी घेऊन बसायची तेव्हा कुणी "ताजं आहे का?" विचारलं तर ती गप्प. उत्तर द्यायचं शेजारणीने. शेजारणीच्या टोपलीबद्दल आई बोलायची, आईच्या टोपलीबद्दल ती. आणि खोटं सांगायचं नाही — एकदा खोटी पडली की तिच्या बोलण्याला पुन्हा कोण विचारणार? मासा नरम असला की शेजारीण नुसती पदर सारखा करायची. गिऱ्हाईक समजून जायचं.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"पाय मोकळे करते जरा."

दर सोमवारी हिचे पाय मोकळे व्हायचे असतात. दुपार टळल्यावर आली. मी तिच्यासाठी थांबले होते. ती जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिन्ही रिव्ह्यूंचे फोटो काढून ठेवले. तिन्हींना उत्तर लिहिलं. पहिल्यांदा जे लिहिलं ते पुसलं. दुसऱ्यांदाही पुसलं. शेवटी हे — 'नमस्कार. आमच्याकडे चिकन आणि रोटी मिळत नाही. आपण कधी आला होतात ते कळवा, चूक आमची असेल तर सुधारू.' हिंदीतही लिहिलं.

टेबलांवर एकेक पाटी ठेवली — 'जेवण कसं होतं ते फोनवर लिहा. चांगलं नसलं तरी लिहा.' उमेश म्हणतो दुसरं वाक्य काढ. काढलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज भाविनीचे सगळे रिव्ह्यू वाचले. सगळे! कोलंबी साफ करायची राहिली.

बरेच खरे वाटतात. फोटो आहेत, पोरांची तक्रार आहे, कुणाला तिखट जास्त झालंय. पण एक सापडला. नाव नाही, नुसती दोन अक्षरं — एस. एम. फोटो नाही. जन्मात हा एकच रिव्ह्यू लिहिलेला. खोट्याची जेवढी लक्षणं मी वाचली आहेत, ती सगळी!

'कालवणात आंबट बरोबर. मीठ बरोबर. बोंबील मोडला नाही. वाढणारीने घाई केली नाही. घरच्याहून बरं होतं.'

घरच्याहून बरं! असं कुठलं गिऱ्हाईक लिहितं? बोंबील मोडला की नाही ते मुंबईचा माणूस बघतो? हे तिनेच लिहिलंय. बसून, स्वतःच्या हाताने. आईने शिकवलेलं आईच्याच शब्दांत!

रिपोर्ट केलं. कारण विचारलं तिथे लिहिलं — 'मालकानेच लिहिलेला खोटा अभिप्राय.' खोटं काही लिहिलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

खाडीवर बोटी लागल्या तेव्हा भाविनी भेटली. पापलेटची एकच टोपली आम्ही दोघींनी धरली.

"घे गं तू," ती म्हणाली. "तू फळ्यावर बर्फातलं लिहितेस, मला लाज वाटते बाजूने जाताना."

"लाज वाटते तर चिकन हंडी कशाला खाता माझ्याकडे?"

तिला कळलंच नाही. मग समजावून सांगावं लागलं, आणि भांडणाची सगळी मजा गेली.

"जिग्नेश? अगं, त्याला घरच्या गॅसचं बुकिंग फोनवर जमत नाही! दुकान पोरगी चालवते." मग हळूच म्हणाली, "मलापण आले होते असे, सुरुवातीला. दोन दिवस चूल पेटवली नाही मी. मग एकीने सांगितलं — उत्तर गोड दे आणि जेवायला बोलव."

"कुणी सांगितलं?"

"होती एक."

पापलेट मी घेतलं. ती बघत राहिली. तिचं बघणंपण मला आवडत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर आलं! हिंदीवाल्याचं. 'बहनजी, गलती हो गई. हम लोग ट्रकवाले हैं. अच्छाड में हाइवे पर खाया था, उस ढाबे का भी यही नाम है. हटा देता हूँ.'

बाकीचे दोघे त्याच्याच गाडीबरोबरचे. संध्याकाळपर्यंत तिन्ही गेले. खोटे नव्हतेच ते. खरेच होते, फक्त पत्ता चुकला. मी त्याला लिहिलं, कधी डहाणूला आलात तर जेवून जा.

नंतर आठवलं — हेच भाविनीने सांगितलं होतं.

तिला जाऊन सांगायला हवं की जिग्नेशने केलं नाही. उद्या सांगीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं नाही.

फोनवर निरोप आला — तुम्ही कळवलेला अभिप्राय काढून टाकण्यात आला आहे. बघितलं, एस. एम. गेला होता! त्या तिघांबाबत माझी चूक होती, मान्य. हा एक तरी खराखुरा खोटा होता. छान झोप लागेल आज.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भारतीताईंचा फोन. नाताळचे पाहुणे आमच्याकडेच! "तुझ्या त्या पाटीचा फोटो कुणीतरी फोनवर टाकलाय गं. चांगलं नसलं तरी लिहा! पाहुणे म्हणाले, इथेच जायचं."

आईला सांगितलं. वाटलं, आता तरी शाब्बास म्हणेल. ती म्हणाली, "कोकम संपत आलंय, बघ."

२४ नोव्हेंबर, सोमवार

आई चपला घालून दारात उभी आहे. आत्ता फोन माझ्या हातात दिला. "निलम, बघ गं जरा. भाविनीच्या जेवणाबद्दल मी फोनमध्ये बोलून टाकलं होतं, उमेशने शिकवलं होतं तसं. शेजारणीने नाही सांगायचं तर कोणी? ते आता दिसत नाही. माझ्याकडून काही चुकलं का?"

आईचं नाव शांती मेहेर. एस. एम.

आई खोटं सांगत नाही. नरम असेल तर पदर सारखा करते.

"फोनचंच काहीतरी झालंय," मी म्हटलं. "परत लिहू."

"मग चल भाविनीकडे. न जेवता कसं लिहिणार?"

बाहेरून हाक मारते आहे. जाते.