यंदाचं वाण आणि दुसरा हप्ता

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी सकाळी आत्यांशी वाजलं. सासू म्हणून नव्हे, हट्टी म्हणून. पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला निघाल्या, अंगावर नुसती शाल. म्हटलं, स्वेटर घाला. "नर्स झाली का आताच? मंग गप ऱ्हा." चिऊ फिदीफिदी हसली. लेक माझी, पहिलीत आहे, पण पार्टी आजीची.
माझी नर्सिंगला ॲडमिशन झाल्यापासून एका पाटीच्या जागी दोन नेतात. शेवंती, झेंडू, वरून गजरे. कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी थँक्यू म्हटलं नाही. स्वेटरवरून भांडते.

३१ डिसेंबर
फीचा दुसरा हप्ता जानेवारीअखेर भरायचाच, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत. (यापुढे दु. ह. लिहीन. पूर्ण लिहिलं की आकडाच दिसतो.) स्कॉलरशिप "प्रोसेसमध्ये". ऑफिसातल्या मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातात काय.
प्रसूतिगृहात सात वर्षं मावशी म्हणून राबले, साठलेलं सगळं पहिल्या हप्त्यात गेलं. ह्यांचा टेम्पो पिंपळगावला द्राक्षांवर लागलाय, पण सीझन आत्ता कुठे सुरू होतोय, भाडं उशिरा येणार. बँकेतले साहेब म्हणाले, जमीन कोणाच्या नावावर? चुलत सासऱ्यांच्या. संपलं बोलणं.
बत्तिसाव्या वर्षी शिकायला निघालीये महाराणी.

५ जानेवारी
बीपीचं प्रॅक्टिकल. सोबतच्या पोरी अठरा-एकोणिसाच्या, मला ताई म्हणतात. एकीने माझा दंड इतका आवळला की बोटं निळी. मला मात्र पहिल्या झटक्यात जमलं. सर म्हणाले, "हात बसलेला आहे." बसणारच. इतकी वर्षं लांबून बघत होते.
येताना प्रसूतिगृहात गेले, मोठ्या सिस्टरना भेटायला. फॉर्म भरायला सिस्टरनीच ढकललं होतं मला. कपाट उघडून आपलं जुनं डायलचं बीपी मशीन आणि स्टेथो हातात ठेवला. मी नको नको करतेय तर म्हणाल्या, "फुगा नवीन बसवलाय. हवा सोडताना घाई करू नकोस, तुला सगळ्याचीच घाई." बस, एवढंच. रिक्षात रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

९ जानेवारी
शोभाकाकू आली. शेजारीण, गल्लीची पुढारी. तिला दु. ह. कुठून कळला कोण जाणे. (चिऊ. दुसरं कोण.)
म्हणाली, गल्लीतल्या बायकांचं ठरलंय. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा घरोघरी नाही, सगळ्यांचं मिळून एकच. वाण लुटायचं नाही. वाणाला जे पैसे घालतो ते मनीषाच्या फीला.
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काकू, मला कोणाची दया नको.
"दया कोण करतंय गं? माझ्या माळ्यावर प्लास्टिकचे डबे बघ येऊन. दरवर्षी एकमेकींना डबे देतो आणि झाकणं हरवतो. त्यापरीस गल्लीत एक नर्स झालेली बरी."
हो म्हटलं. वर शहाणपणा केला, म्हटलं, मग आमच्याच अंगणात करा, संक्रांतीनंतरच्या रविवारी.

१० जानेवारी
केवढी बावळट मी. हळदीकुंकू आमच्या अंगणात, आणि घरात आत्या. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून असलं काही असलं की त्या बाजारात बसून राहतात, नाहीतर मागच्या खोलीत गजरे ओवतात. कोणी जा म्हणत नाही, कोणी ये पण म्हणत नाही. इतकी वर्षं मी नटूनथटून शेजारी जायचे आणि त्यांच्याच हातचा गजरा माळून जायचे. कधी मनात आलं नाही. लाज वाटली.
सांगितलं तर म्हणाल्या, "कर की. म्या बाजारात जाईन. रविवारी गिऱ्हाईक लय असतं."
आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ दिला, पाया पडले. तिथेच वाकल्या वाकल्या म्हटलं, आत्या, रविवारी तुम्ही घरी थांबणार नसाल तर मी तो पैसा घेणार नाही. मग परीक्षेचं काय व्हायचं ते होवो.
"धमकी देती का?"
"हो."
त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला. मग, "कुकू लावायला कुणी आलं तर म्या उठून जाईन." म्हटलं, चालेल.
ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, तुम्ही दोघी एकमेकींना सापडलात ते बरं झालं, मी सुटलो.

१८ जानेवारी, रविवार
आजचं सगळं लिहून ठेवते.
सगळ्या आल्या. सतरंजी, उसाचे करवे, बोरं. प्रत्येकीच्या हातात गजरा, आत्यांनी ओवलेला. आत्या उंबऱ्याशी बसल्या, आत नाही बाहेर नाही. शोभाकाकू करंडा घेऊन फिरत फिरत त्यांच्यापाशी आली आणि थबकली. आत्याच म्हणाल्या, "मला नगं. पुढं जा. ती काय यंत्र लावणार हाय, ते लाव मला."
कारण मी आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्याकडूनही वाण आहे. प्रत्येकीचं बीपी बघणार. बायका लाजल्या, हसल्या, बाह्या वर केल्या. शोभाकाकूचं अगदी नॉर्मल निघालं, तर तिला पटेना. एवढी कटकट करते, वाढायला पाहिजे होतं म्हणे. बीपीला सवाष्ण-विधवा काही कळत नाही, एवढं बरं आहे.
आत्या शेवटी. वर एकशे ऐंशी. खाली शंभरच्या पुढे.
वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा. दुसऱ्या हाताला. तेच. सिस्टरना फोन. "शांत बसव, थोड्या वेळाने परत बघ. तरी तेवढंच असेल तर उद्या सकाळी डॉक्टर, आणि छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर आत्ताच." परत बघितलं. तेवढंच. दुखत काही नव्हतं.
"दिवाळीपास्नं सकाळी डोस्कं ठणकतं," आत्या म्हणाल्या. "थंडीनं आसंल म्हणून बोलले नाय."
दिवाळीपासून. म्हणजे दोन पाट्या न्यायला लागल्यापासून.
बायका गेल्यावर शोभाकाकूने रुमालात बांधलेले पैसे देवापाशी ठेवले. मी आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "उठ. साडी भिजती."

१९ जानेवारी
सरकारी दवाखाना. मी कॉलेज बुडवलं. गोळ्या फुकट मिळाल्या, रोज एक, न चुकता. मीठ कमी. ओझं उचलायचं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं, कोणी बघितलं? आत्या म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं." मला समोर कधी सूनबाई म्हणत नाहीत. मने म्हणतात, चिडल्या की बये.

२३ जानेवारी
दु. ह. भरला. पूर्ण नाही. मॅडमनी प्राचार्यांना विचारून बाकीच्याला मार्चपर्यंत मुदत दिली. परीक्षेचा फॉर्म घेतला. बाहेर येऊन पायरीवर बसले. गल्लीतल्या एकेकीचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. त्यांचं देणं फेडायचं कसं, याचा विचार केला. फिटायचं नाही. बरंच आहे, राहू दे.

२७ जानेवारी
आत्या पुन्हा दोन पाट्या घेऊन निघाल्या. मी दारात आडवी. एकच न्या. "मार्चचं कोण भरणार, तुझा बाप?" म्हटलं, स्कॉलरशिप येईल. "कवा?" मला माहीत नाही. एक पाटी मी उतरवून घेतली. त्या निघून गेल्या. एकच घेऊन, पण.

१ फेब्रुवारी, रविवार
स्कॉलरशिप अजून नाही. ह्यांचं भाडं आलं, अर्धं. मार्च लांब नाही.
सकाळी मी अभ्यासाला बसलेली. आत्या आल्या, स्वेटर घालून. स्वतःहून. समोर बसल्या, बाही वर सारली, हात पुढे केला. म्हटलं, बुधवारीच बघितलंय, रोज रोज कशाला.
"मोज गुमान. फी भरलीये म्या."