एकशे चौदा नंबरची चिठ्ठी

१२ सप्टेंबर
पुन्हा तीच बैठक! मंडळाच्या खोलीत आठ डोकी, दोन थर्मास कॉफी, आणि विषय एकच — ऑक्टोबरातली जंगलशर्यत यंदा घ्यायची का, आणि घेतली तर धावणाऱ्यांची नोंद कशी ठेवायची.
रागनार अध्यक्ष. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "तो संगणक नको! सिक्स्टनची खिळ्यांची फळी काढा. तीस वर्षांत एक माणूस हरवला नव्हता."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॉफीत साखर ढवळत बसलो. साखर घातलीच नव्हती.

१३ सप्टेंबर
गॅरेजमधून फळी काढली. दीडशे खिळे, माझ्याच हातचे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन माणूस जंगलात शिरला की त्याच्या नंबराची चिठ्ठी खिळ्याला. परत येऊन टेबलाशी उभा राहिला की काढायची. चिठ्ठी लटकतेय तोवर माणूस जंगलात! सातवीत शाळा सुटलेल्याला एवढा हिशेब पुष्कळ.
माझी बायको इंगेयेर्ड म्हणायची, "फळी कसली, कोंबड्यांचं खुराडं आहे तुझं. सांजेला मोजायच्या नि दार लावायचं."
११४चा खिळा जरा वाकलाय. तो तिचा. दरवर्षी तोच नंबर मागून घ्यायची.

१६ सप्टेंबर
दुकानात माय-ब्रिट गल्ल्यावर. माझं दूध बाजूला ठेवून तिनं आधी गुनिलाच्या नावानं खडे फोडले. गुनिला गावच्या शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी संगणक आणला तिनेच. प्रत्येकाच्या बोटाला चिप बसवलेली एक काडी. शेवटच्या खांबाशी टेकवली की पडद्यावरचं नाव हिरवं — आला! कोणी विसरलाच, तर टेबलाशी बसणाऱ्याला हातानं दाबायला एक बटणही ठेवलं होतं.
"तिच्या डबड्यानं इंगेयेर्डला परत आली म्हणून दाखवलं," माय-ब्रिट म्हणाली, "आणि ती बिचारी दलदलीच्या काठाला पाय मोडून गारठत पडलेली!"
"गुनिलाला बोलू नको."
"सिक्स्टन, तुझं मन फार मोठं रे."
दूध तिथेच विसरून आलो.

१९ सप्टेंबर
इंगेयेर्डचा दालचिनीचा डबा उघडला. लगेच बंद केला.

२२ सप्टेंबर
गुनिलाकडे गेलो. वर्षभरात पहिल्यांदा. "बूट काढ आणि ये आत," एवढंच म्हणाली. बैठकीला बोलावत नाहीत तिला, तरी चार पानं लिहून ठेवलीयेत! यंदा हाताचं बटण बंद. ज्याची काडी त्यानंच टेकवायची, दुसऱ्यानं कोणासाठी काही दाबायचं नाही. आवराआवर करण्याआधी प्रत्येक नावाचा माणूस डोळ्यांनी बघायचा. आणि कुठलाही बदल कोणी केला, किती वाजता, ते संगणक लिहून ठेवणार.
मी विचारलं, "गेल्या वर्षीही लिहून ठेवत होता का?"
तिनं कॉफी ओतली. "ठेवत होता."
मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घे, गार होतेय."

२७ सप्टेंबर
रागनारचा फोन. तीन तारखेला मतदान. फळी परत, आणि गुनिलाला मंडळातून रजा. "तू दोन शब्द बोल. तुझा शब्द कोणी मोडणार नाही."
चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मी — झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत वर्षभर मूठ आवळून बसलोय. बोटं दुखायला लागली.

१ ऑक्टोबर
लिहितोच. तू कागद, कोणाला सांगणार नाहीस.
इंगेयेर्ड कधी माझ्या टेबलाशी आलीच नाही. कॉफीचा तंबू तिच्याकडे ना! जंगलातून सुटली की थेट तिच्या दालचिनीच्या बनपावांच्या ताटांकडे. तंबूत तिचं निळं जाकीट दिसलं की ११४ची चिठ्ठी मी आपणच काढायचो. तीस वर्षं. एकदाही हाक मारून विचारलं नाही!
गेल्या वर्षी संगणकाशीही मीच. तीनला दहा मिनिटं कमी. निळं जाकीट तंबूच्या खांबाला. मी बटण दाबलं. आली.
ऊन पडलं म्हणून निघायच्या आधीच तिनं ते काढून ठेवलं होतं.
पाच वाजता सगळी नावं हिरवी. तंबू गुंडाळले. उरलेले बनपाव घेऊन ती दरवर्षी बहिणीकडे जायची, तशी गेली असेल म्हटलं. घरी येऊन बटाटे उकडायला टाकले. दोघांचे.
रात्री शोध सुरू झाला; कुत्र्यांना ती पहाटे सापडली. डॉक्टर म्हणाला, "दोन-तीन तास आधी जर —" माझ्याकडे बघून थांबला.
संगणकानं चूक केली असं मी कधीच म्हणालो नाही. लोक म्हणाले. मी गप्प राहिलो.

३ ऑक्टोबर
उभा राहिलो. सांगितलं. सगळं.
रागनार म्हणाला, "सिक्स्टन, दुःखात माणूस काहीही मनाला लावून घेतो. बस खाली."
"बसत नाही. बटण माझ्या बोटानं दाबलं. फळी असती तरी चिठ्ठी मीच काढली असती, माझ्या याच हातानं! गुनिलाची चार पानं वाचा आधी."
मग रागनारनं हात पुढे केला, "आण ती पानं."
मतदान झालंच नाही.

४ ऑक्टोबर
सकाळी गुनिला दारात. हातात घडी घालघालून विरत आलेला कागद. गेल्या वर्षीची यादी: ११४ — आली — २.५० — सिक्स्टन. खाली छापल्याची तारीख. इंगेयेर्ड गेल्याच्या तिसऱ्या दिवसाची.
"वर्षभर होता तुझ्याजवळ?"
"हो."
"अगं, लोक काय काय बोलले तुला!"
"बोलले. पण ते ऐकून मला माझ्या माणसांत घरी जाता येत होतं, सिक्स्टन. तुला बोलले असते, तर तुझ्या घरी कोण होतं?"