अक्षर कोणाचं

सडक अर्जुनी,
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. गुंजन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या मायचा डोळा चांगला आहे. मोतीबिंदूची पट्टी निघाली, थेंब चार वेळा मीच टाकतो. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला म्हणून तुझा भाऊ उमेंद्र मजुरांच्या मागे फिरतो आहे. फोन करायचा तर मला आता समोर मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकूच येत नाही. कानातलं यंत्र नुसतं शिट्टी मारतं. म्हणून हे पत्र.

ऑपरेशनसाठी तुझी माय आठ दिवस गोंदियाला तुझ्याकडे राहिली, ते मी चालवून घेतलं. पण येताना तिनं पिशवीत साड्यांच्या घडीत तुमचं मराठी बायबल आणलं. तिला अक्षरओळख नाही. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं हे लिहावं, ही माझीच शरम. ती म्हणते, गुंजन रोज वाचून दाखवत होती, गोष्ट अर्धी राहिली, आता तुम्ही पुरी करा. मी नाही म्हणालो. तिनं दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून जेवणानंतर अर्धा तास मी वाचतो.

वाचतो ते पेपर तपासल्यासारखं, हे लक्षात ठेव. यरीहो गावापाशी येशूनं आंधळ्याला दृष्टी दिली, ही गोष्ट तुझ्या मायला फार आवडली, साहजिकच आहे. पण दोघे लिहिणारे एक आंधळा सांगतात आणि तिसरा दोन सांगतो. एक म्हणतो गावात शिरताना, दुसरे म्हणतात गावातून निघताना. चौथीतल्या पोराचेही मी इथे मार्क कापले असते. आणखी एक. त्यांतलाच लूक सुरुवातीलाच लिहितो की पुष्कळांनी ही हकिकत लिहिली आहे, म्हणून मीही नीट विचारपूस करून लिहितो. हा माणूस मला प्रामाणिक वाटला. पण विचारपूस माणसाला करावी लागते. देवाला कोणाला विचारायचं असतं?

स्वप्निलशी लग्न करून तू त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत गेलीस, तेव्हा मला म्हणाली होतीस की हे पुस्तक देवानं दिलेलं आहे. तेव्हा मी तुला पुढे बोलू दिलं नाही. आता विचारतो. मुद्द्याला धरून उत्तर लिही. यावरून माझा राग गेला असं समजू नकोस.

तुझ्या मायचा तुला आशीर्वाद. माझाही आहेच.
दुर्गाप्रसाद बिसेन


गोंदिया,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. बाबूजींना,
गुंजनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि पाकीट दिवसभर पर्समध्येच ठेवलं. वॉर्डमध्ये दोनदा काढून पाहिलं, उघडलं मात्र घरी येऊन. राग गेलेला नाही हे वाचलं. चालेल. रागातही तुम्ही चार पानं लिहिलीत.

मायच्या डोळ्यात थेंब टाकताना ती पापण्या मिटते, तेव्हा तिच्याशी बोलत राहा, म्हणजे विसरते. तिला उन्हात चष्म्याशिवाय जाऊ देऊ नका.

आता मुद्दा. मागच्या वर्षी गोरेगावच्या रस्त्यावर एक काळीपिवळी जीप उलटली. जखमी आमच्या दवाखान्यात आले. पोलिसांनी चौघांना विचारलं तर आत किती माणसं होती यावरच चौघांचं जमेना. पण गाडी उलटली होती हे खरंच होतं, मी स्वतः टाके घालायला उभी होते. हे उत्तर स्वप्निलचं आहे. तो शिक्षक आहे, त्याच्याकडे उत्तरं असतात. मला ते अर्धंच पटतं.

माझं खरं सांगू का? मी रविवारी मंडळीतल्या मुलांना गोष्टी शिकवत होते. मागच्या महिन्यात शिकवणाऱ्या सगळ्यांना विचारलं गेलं की या पुस्तकातला शब्द न् शब्द देवाचा आहे, त्यात चूक नाही, असं मानणाऱ्यांनी हात वर करावा. सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. तेव्हापासून वर्ग दुसऱ्या बाईंकडे आहे. माझे सासरे योगराजजी शेजारीच बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेला साधा माणूस, त्यांचा सगळा जीव त्या पुस्तकात आहे. ते मला काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागतं. रोज ते माझ्या आधी उठून चहा ठेवतात, आणि मी त्यांच्याकडे न पाहता तो पिते.

तुमचीच मुलगी ना मी. खोटा हात वर झाला नाही. तेव्हा उत्तर तुम्ही चुकीच्या माणसाकडे मागितलंत. पण प्रश्न विचारायचे थांबवू नका. मायला माझे शंभर पापे सांगा, ती लाजेल.

तुमच्या पुढच्या पत्राची वाट पाहणारी,
गुंजन


सडक अर्जुनी,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गुंजन हीस,
आशीर्वाद. वि. वि.

हात वर केला नाहीस ते बरं केलंस. पण सासऱ्यांशी बोल. अबोला फार वाईट. हे मी सांगतो आहे म्हणून हसू नकोस.

दिवाळी झाली. धान घरात येऊन राहिला आहे, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. वाचन मात्र चुकलं नाही. आता पौल नावाच्या प्रचारकाची पत्रं चालू आहेत. तुमचा देव पत्रं लिहवून घेतो हे मला ठाऊक नव्हतं. तीमथ्य नावाच्या तरुणाला लिहिलेल्या पत्रात मला ते वाक्य सापडलं, ज्यावर तुमची सगळी मंडळी उभी आहे, की शास्त्रातला प्रत्येक लेख देवाच्या प्रेरणेनं आला. मी तुझ्या मायला म्हणालो, पाहा, स्वतःचा दाखला स्वतःच देतात. हेडमास्तर असताना असला दाखला मी कधी घेतला नाही.

तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. मी पुढे वाचत गेलो. पान उलटलं तर तोच पौल, म्हातारा, कैदेतून लिहितो की अमक्याकडे माझा झगा राहिला आहे, तो येताना आण. पुस्तकंही आण. सगळे मला सोडून गेले. होईल तर हिवाळ्याआधी ये. मी ते भराभर वाचत होतो, त्यात मुद्दा काही नव्हता. तुझ्या मायनं माझा हात धरला. म्हणाली, थांबा जरा, त्या बुढ्याले थंडी लागून राहिली, अन् तुम्ही पुढं काऊन पळता. मग विचारलं की तो पोरगा गेला का. मी पुढची पानं पाहिली, मागचीही पाहिली. कुठेच लिहिलेलं नाही. तसं तिला सांगितलं.

तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं. मग म्हणाली, तुम्ही कायले नाही गेले?

गुंजन, पाच वर्षांपूर्वी तू दवाखान्यातून दोन ओळींचं पत्र पाठवलं होतंस. बाळ आधीच झालं, जीव थोडा आहे, बाबूजी या. सगळ्यांना वाटतं की मी ते न वाचता ठेवून दिलं. मी वाचलं होतं. धुतलेला शर्ट घालून कोहमाऱ्याच्या फाट्यावर गेलो. गोंदियाची बस आली, लोक चढले. कंडक्टरनं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तुझ्या दाराशी तुझे सासरचे लोक प्रार्थना करत उभे असतील आणि मी कुठे उभा राहू, एवढंच डोक्यात होतं. बस गेली. मी घरी येऊन शर्ट काढून खुंटीला टांगला. हे मी तुझ्या मायला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. आता तुला.

याला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.
तुझा बाप,
दुर्गाप्रसाद


गोंदिया,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबूजींना,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही कोहमाऱ्यापर्यंत आला होतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाच वर्षं मी तुम्हाला घराच्या ओसरीवरच बसलेलं पाहत होते. आता फाट्यावर धुतल्या शर्टात पाहते. ते अधिक दुखतं, पण बरंही वाटतं. हे कसं ते मला लिहिता येत नाही.

माझी पोर तीन दिवस होती. तुमच्यासारखी कपाळावर आठी घालायची. ती गेल्यावर भेटायला आलेल्या बायका मला समजावत होत्या की देवाची मर्जी. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटत होतं. दुपारी योगराजजी आले, स्टुलावर बसले आणि काहीही न सांगता वाचू लागले. अक्षर ते चाळिशीत शिकले, त्याच पुस्तकावरून. अजून प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवतात. ते एक स्तोत्र होतं. त्यात माणूस देवाला विचारतो की तू मला किती दिवस विसरणार, किती दिवस तोंड लपवणार. बाबूजी, मला वाटलं होतं की त्या पुस्तकात देव माणसाला बोलतो. तिथे माणूस देवाला रागावत होता, आणि ते कोणी खोडलं नव्हतं. ते शब्द देवाचे की माणसाचे मला अजून ठरवता येत नाही. त्या दुपारी ते माझे होते. मी मंडळीत राहिले ती त्यामुळे, लग्नामुळे नाही.

तुमचं ऐकून सासऱ्यांशी बोलले. चहाचा कप हातात धरूनच सांगितलं की माझा हात वर का गेला नाही. ते म्हणाले, त्यांचा गेला, कारण या पुस्तकानं त्यांची दारू सोडवली आणि ते काम माणसाच्या शब्दाचं नाही अशी त्यांची खात्री आहे. पण तू मला खूश करायला हात वर केला असतास तर वाईट वाटलं असतं, असंही म्हणाले. वर्गाचं नाताळानंतर पाहू, असं मंडळीनं सांगितलं आहे. परत मिळेल की नाही, कोण जाणे.

दोन डिसेंबरला मायचा डोळा पुन्हा दाखवायचा आहे. उमेंद्र धानात अडकलेला असेल. तिला कोणी आणायचं ते तुम्ही ठरवा. मी आग्रह करत नाही.

मायेत ठेवा,
गुंजन


सडक अर्जुनी,
५ डिसेंबर २०२४

चि. सौ. गुंजन हीस,
भरपूर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. मायचा डोळा उत्तम, आता ती मला दाढी नीट झाली नाही म्हणून टोकते. स्वप्निलला सांग, त्याचा स्वेटर चुकून माझ्या पिशवीत आला. चुकून म्हणजे तुझ्या मायनं ठेवला, मला बसमध्ये थंडी लागेल म्हणून.

आता एक कबुली. तू ड्युटीवर होतीस तेव्हा आम्ही दोघे म्हातारे कुठे गेलो होतो असं तू विचारलंस. मी बाजारात म्हणालो. ते खोटं होतं.

मीच योगराजजींना म्हणालो की मला तिच्याकडे न्या. ऑटोत आमचा वाद झाला. ते म्हणत, देवानं सांगितलं, माणसानं लिहिलं. मी म्हणत होतो, माणसानं सोसलं आणि माणसानं लिहिलं. मला ऐकू यावं म्हणून ते ओरडत होते, मीही ओरडत होतो. ऑटोवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि, अरे चाचा, इस उमर में झगडा मत करो, म्हणून दोघांना पाणी दिलं. वाद काही मिटला नाही. मी अजूनही माणसाच्याच बाजूला आहे, हे तुला स्पष्ट सांगतो.

कबरस्तानात ते पुढे चालले आणि एका लहानशा ओट्याजवळ थांबून बाजूला झाले. केवढासा तो ओटा! मला वाटलं होतं, थोडा मोठा असेल. कोणीतरी रोज झाडत असावं, आजूबाजूला पाला होता, त्याच्यावर नव्हता. मी खाली बसलो.   मग सांगितलं की मी तुझा आजा, सडक अर्जुनीचा. मला यायला उशीर झाला.

योगराजजी लांब उभे होते. त्यांची पिशवी खांद्यालाच होती, पुस्तक त्यांनी काढलं नव्हतं. मला अवघड वाटू नये म्हणून, हे मला कळलं. मीच त्यांना हाक मारली. म्हणालो, गुंजनला त्या दिवशी वाचलं होतं, ते वाचा. आणि मोठ्यानं वाचा, मला ऐकू येत नाही.

तुझ्यावर जीव असलेला,
बाबूजी